न खणता खनिज कसं कळतं? भूभौतिकी सर्व्हे कसे घडत गेले

दगडोबा

मागे एका धाग्यावर कुणीतरी ठणकावून लिहिलं होतं की आता सॅटेलाइटवरून जमिनीखालचं सोनं दिसतं. त्यावर चार ओळी लिहायला बसलो, त्या वाढत गेल्या, म्हणून वेगळा धागाच काढतोय.

आधीच सांगून टाकतो, जमिनीत खोल गाडलेलं सोनं कुठल्याच यंत्राला दिसत नाही. तांबं नाही, जस्त नाही. यंत्राला कळतात ते दगडाचे गुण, म्हणजे दगड किती जड, किती चुंबकीय, वीज किती सहज जाऊ देतो वगैरे. हे गुण वरून मोजणं म्हणजेच भूभौतिकी सर्व्हे. माझ्या मते या विषयाचा सगळा इतिहास हा चोराऐवजी चोराचे साथीदार ओळखण्याचा इतिहास आहे. पटत नसेल तर भांडा, त्यासाठीच धागा आहे.

सुरुवात अर्थातच लोखंडापासून, कारण मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज स्वतःच बोंब मारतं. स्वीडनमध्ये सतराव्या शतकापासून खाणवाले खास होकायंत्र वापरायचे ज्याची सुई नुसती आडवी फिरत नसे, खालीही झुकायची, साठ्यावर आलं की सुई खाली ओढली जायची. १८७९ मध्ये थालेन नावाच्या स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञाने लोहखनिजाचे साठे चुंबकीय मोजणीने कसे तपासायचे हे पद्धतशीर लिहून काढलं, आणि तिथून पुढे सुई झुकली की नाही एवढ्यावर न थांबता प्रत्येक ठिकाणी किती, हे मोजून नकाशा काढायची सवय लागली.

पण नकाशा काढला म्हणजे खनिज हातात आलं असं नाही. रशियातलं कुर्स्क घ्या. तिथे होकायंत्र वेड्यासारखं वागतं हे १७७३ मध्येच लक्षात आलं होतं. १८९६ पासून मॉस्कोचे प्राध्यापक लाइस्ट तिथे जाऊन मोजत राहिले, खाली लोखंडच असणार अशी त्यांची खात्री. त्यांच्या सांगण्यावरून बोअर मारले, ठरलेल्या खोलीपर्यंत काहीच लागलं नाही, पैसे देणाऱ्यांनी हात वर केले. लाइस्ट तरीही उन्हाळ्यामागून उन्हाळे मोजत राहिले आणि १९१८ मध्ये वारले. १९२३ मध्ये श्चिग्री गावाजवळच्या बोअरला १६७ मीटरवर लोहयुक्त क्वार्टझाइट लागला! आज कुर्स्कची गणना जगातल्या सगळ्यात मोठ्या लोहपट्ट्यांत होते. मोजणी बरोबर होती, ती वाचायची कशी हे तेव्हा नीट जमलेलं नव्हतं.

आता जेवायला उठतो. विजेच्या पद्धतींवर नंतर लिहितो.

निवांत

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकासुर

छान लिहिलंय, पण एक बेसिक शंका. सोनं चुंबकीय नाही, आणि टनामागे काही ग्रॅम असतं म्हणजे वजनातही फरक पडणार नाही. मग सोन्याच्या कंपन्या विमानं कशाला उडवतात? शेअरहोल्डरना दाखवायला?

दगडोबा

शंकासुर, तोही भाग असतोच :) पण खरं उत्तर दक्षिण आफ्रिकेत आहे. विटवॉटर्सरँडचे सोन्याचे थर एका दिशेला गेले की नव्या दगडांखाली गडप व्हायचे, पुढे कुठे वळले कुणालाच माहीत नव्हतं. १९३० च्या सुमारास रुडॉल्फ क्राहमान या जर्मन माणसाच्या लक्षात आलं की सोन्याच्या थरांच्या खाली, ठराविक अंतरावर, शेलचे (चिखलापासून झालेल्या दगडाचे) काही थर आहेत ज्यात मॅग्नेटाइट आहे. सोनं दिसत नाही ना, मग शेल शोधा! मॅग्नेटोमीटर (चुंबकत्व मोजायचं यंत्र) घेऊन तो वरून त्या शेलचा माग काढत गेला, शेल कुठे ते कळलं की सोन्याचा थर कुठे असेल ते भूमितीने निघतं. त्यातूनच वेस्ट विट्सचा पट्टा उघडला, जगातल्या सगळ्यात खोल सोन्याच्या खाणी तिथल्याच. पूर्ण सर्व्हेत सोन्याचा एक कणही मोजला गेला नाही.

जुना_खाणकरी

क्राहमानचं कौतुक ठीक आहे पण शेल आणि सोन्याचा संबंध त्याला कळला तो आधीच्या भूवैज्ञानिकांनी थर न थर मोजून ठेवला होता म्हणून. हल्ली पोरं लॅपटॉपवर लाल-निळा नकाशा बघतात आणि लाल दिसलं की बोअर मारा म्हणतात. हातोडी घेऊन नाल्यातून चार दिवस चालायला नको. भूभौतिकी हे साधन आहे, डोकं भूविज्ञानाचंच लागतं.

दगडोबा

सहमत आहे हो काका, पण नाल्यात दगड उघडा पडला असेल तर! स्वीडन, फिनलंड, कॅनडा इथे हिमनद्यांनी आणलेल्या मातीचा जाड थर सगळ्यावर पसरलाय, हातोडी मारायची कुठे? म्हणूनच विजेच्या पद्धती तिथेच फोफावल्या.

म्हणजे शोध तसा जुना. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींत १८३० मध्ये रॉबर्ट फॉक्सने पाहिलं की सल्फाइडच्या (धातू आणि गंधक मिळून झालेल्या खनिजाच्या) शिरेत आपोआपच वीज वाहतेय. साठ्याचा वरचा भाग भूजलाच्या पातळीजवळ ऑक्सिडाइझ होतो, खालचा होत नाही, मध्ये धातूसारखं वीज वाहणारं खनिज, झाली बॅटरी. जमिनीवर त्याच्या डोक्यावर काहीशे मिलिव्होल्टचा निगेटिव्ह खड्डा मिळतो. यालाच सेल्फ पोटेन्शियल म्हणतात. १९१३ मध्ये कॉनराड श्लुम्बर्जेने सर्बियातल्या बोर इथे याच पद्धतीने तांब्याचा साठा हेरला. आदल्या वर्षी, १९१२ मध्ये, त्याने फ्रान्समध्ये जमिनीत स्वतः करंट सोडून व्होल्टेज कसं पसरतं त्याचे नकाशे काढायला सुरुवात केली होती. पुढे त्याच पद्धतीचं यंत्र त्याने आणि त्याच्या भावाने १९२७ मध्ये तेलाच्या विहिरीत सोडलं आणि खनिजं राहिली बाजूला, पैसा तेलात होता.

स्वीडिश लोक मात्र खनिजालाच चिकटून राहिले. डिसेंबर १९२४ मध्ये बूलिदेनला मातीखाली, विजेच्या मोजणीत आलेल्या खुणेवर बोअर मारला आणि सोनं-तांबं-आर्सेनिकचा मोठा साठा लागला. हे मी पहिल्या मोठ्या यशांत धरतो कारण वर जमिनीवर काहीच नव्हतं.

वायरमन

अरे वा, माझ्या कामाचा धागा. मी आयपी (इंड्यूस्ड पोलरायझेशन) क्रूवर काम केलंय त्यामुळे त्या पद्धतीवर थोडं लिहितो, चूभूद्याघ्या.

इंड्यूस्ड पोलरायझेशन म्हणजे जमिनीत करंट सोडायचा, थोड्या वेळाने बंद करायचा आणि बघायचं की व्होल्टेज लगेच शून्यावर येतं की रेंगाळतं. दगडात सल्फाइडचे बारीक कण असतील तर करंट वाहताना त्यांच्या पृष्ठभागावर चार्ज साठतो आणि करंट तोडल्यावर तो हळूहळू, सेकंदभर-दोन सेकंद, उतरत जातो. श्लुम्बर्जेला हे १९२० च्या आसपासच दिसलं होतं. पण खरा वापर १९४० च्या दशकाच्या शेवटी न्यूमाँट कंपनीच्या लोकांनी सुरू केला कारण त्यांना पॉर्फिरी तांबं हवं होतं. पॉर्फिरीत खनिज विखुरलेलं असतं, कण एकमेकांना चिकटलेले नाहीत म्हणून वीज सलग वाहत नाही, त्यामुळे साध्या रेझिस्टिव्हिटीला (दगड विजेला किती अडवतो त्या मोजणीला) तो दगड कोरा वाटतो. आयपीला उलट कण जितके विखुरलेले तितके बरे कारण एकूण पृष्ठभाग वाढतो.

फील्डवर कसं असतं ते सांगतो. करंटच्या जागी खड्डा खणून त्यात स्टीलच्या सळ्या नाहीतर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, वर मिठाचं पाणी, तरीही कोरड्या मुरमाड जमिनीत करंट जातच नाही, मग अजून पाणी, अजून मीठ, अजून एक सळई. मोजायच्या जागी मात्र लोखंडी सळई चालत नाही, ती स्वतःच पोलराइझ होते आणि सगळा डेटा खराब. तिथे सच्छिद्र भांडं, आत मोरचूदाचं संपृक्त द्रावण आणि त्यात तांब्याची कांडी. दिवसाच्या शेवटी बोटं निळी-हिरवी. जनरेटरवाला वॉकीटॉकीवर "करंट ऑन" म्हणाला की वायरजवळ कुणीही फिरकायचं नाही, हजार-दोन हजार व्होल्ट असतात. गुरं वायर चावतात तो वेगळाच विषय.

आणि काकांना पाठिंबा: आयपी तांब्याला नाही, सल्फाइडला प्रतिसाद देतं. नुसता पायराइट (लोखंडाचं सल्फाइड, तांबं नाहीच) असला तरी तितकीच झकास अ‍ॅनॉमली, म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळं रीडिंग. ग्रॅफाइटही तसाच, काही मातींचाही थोडा त्रास. एका कंपनीसाठी आम्ही काम केलं तिथे साहेबांनी आमचा "पायराइट असू शकतो" हा रिमार्क रिपोर्टमधून काढायला लावला, आणि बोअरमध्ये पायराइटच आला. मग म्हणे सर्व्हेच चुकला.

निवांत

साहेब सगळीकडे सारखेच.

कॅल्क्युलेटर

गुरुत्वाकर्षणावर कुणी बोलत नाहीये म्हणून मी. आकडे घेऊनच बघू किती नाजूक काम आहे.

समजा ५० मीटर त्रिज्येचा गोल साठा आहे, मध्य १०० मीटर खोल, आजूबाजूच्या दगडापेक्षा घनता घनसेंटीमीटरला १ ग्रॅमने जास्त. म्हणजे साधारण १९-२० लाख टन माल. याच्या बरोबर वर उभं राहिलं तर गुरुत्व वाढतं फक्त ०.३५ मिलिगॅल (गुरुत्व मोजायचं एकक), आणि पृथ्वीचं एकूण गुरुत्व सुमारे ९,८०,००० मिलिगॅल! तोच साठा २०० मीटर खोल नेला तर ०.०९ उरतो. आणि तुमच्या स्टेशनची उंची मोजण्यात एक मीटरची चूक झाली तर मधल्या दगडाचा हिशेब धरूनही सुमारे ०.२ मिलिगॅल इकडे तिकडे. म्हणजे उंची चुकली की साठा गायब, नाहीतर नसलेला साठा हजर. म्हणून जीपीएस येण्याआधी ग्रॅव्हिटी सर्व्हेत ग्रॅव्हिमीटर (गुरुत्व मोजायचं यंत्र) जितका महत्त्वाचा तितकेच लेव्हलिंगवाले, म्हणजे उंची मोजणारे.

शंकासुर

पण मग हे एवढं बारीक मोजतात कसं? स्प्रिंगला वजन लटकवून?

कॅल्क्युलेटर

हो, शेवटी स्प्रिंगच. पण त्याआधी हंगेरीच्या ओटव्हॉशने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळा मार्ग काढला होता. त्याच्या टॉर्शन बॅलन्समध्ये बारीक तारेला आडवी दांडी, टोकांना वजनं, एक वजन खाली लोंबतं. हे यंत्र गुरुत्व मोजतच नाही, गुरुत्व एका जागेवरून दुसऱ्या जागी किती बदलतं ते मोजतं. १९०१ मध्ये त्याने बालाटोन सरोवराच्या गोठलेल्या बर्फावर मोजणी केली कारण आजूबाजूला सपाट जागा लागते, जवळचा उंचवटासुद्धा यंत्राला कळतो. १९२४ मध्ये टेक्सासमधला नॅश नावाचा मिठाचा घुमट याच यंत्राने सापडला. पण एकेका स्टेशनला तासन् तास लागत. १९३० च्या दशकात लाकोस्टने अशी स्प्रिंग बनवली जी जणू शून्य लांबीपासून ताणली जाते आणि त्यामुळे अगदी थोड्या फरकालाही मोठी हलते, मग एका स्टेशनला काही मिनिटं पुरायला लागली आणि टॉर्शन बॅलन्स कपाटात गेला.

ग्रॅव्हिमीटर तिपाईवर ठेवून बबल मध्ये आणायचा, काटा स्थिर व्हायची वाट बघायची, तेवढ्यात रस्त्यावरून ट्रक गेला की परत वाट. स्प्रिंग दिवसभर हळूहळू सैलावते, त्यामुळे दर दोनेक तासांनी बेस स्टेशनला परत जाऊन तेच रीडिंग पुन्हा घ्यायचं आणि मधला ड्रिफ्ट वाटून टाकायचा. चंद्र-सूर्याच्या ओढीचीही दुरुस्ती असते, ती ०.३ मिलिगॅलपर्यंत जाते, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या साठ्याएवढी!

गंमत म्हणजे विमानातून गुरुत्व मोजायची वेळ आली तेव्हा ओटव्हॉशचीच युक्ती परत आली. विमान हलतं तेव्हाचे धक्के साठ्याच्या हजारो पट असतात, ते काढणार कसे? शेजारी शेजारी ठेवलेले अ‍ॅक्सेलरोमीटर (प्रवेग मोजणारी यंत्रं), धक्का सगळ्यांना सारखाच बसतो, वजाबाकी केली की उरतो तो फरक. हे तंत्र अमेरिकन पाणबुड्यांसाठी तयार झालेलं, बीएचपी या खाणकंपनीने ते फाल्कन नावाने १९९९ पासून खनिज शोधायला वापरलं.

जुना_खाणकरी

पाणबुड्यांचा उल्लेख आलाच आहे तर मॅग्नेटिकचंही तेच. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या पकडायला विमानात फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर बसवले, गल्फ कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिक्टर वाकिएने त्यावर काम केलं होतं. युद्ध संपायच्या आतच तेच यंत्र घेऊन अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खनिजांसाठी उड्डाणं सुरू केली. आधी एक माणूस तिपाई लावत दिवसाला काही किलोमीटर चालायचा, विमानाने एका दिवसात शेकडो किलोमीटरच्या लाइनी. मग १९५० च्या दशकात प्रोटॉन मॅग्नेटोमीटर आला, नंतर सीझियम व्हेपरवाले. तरी आजही जमिनीवर मॅग घेऊन चालणाऱ्याने बेल्टचं बक्कल, चाव्या, मोबाइल, लोखंडी टाचेचे बूट सगळं कॅम्पवर ठेवायचं. आमचा एक हेल्पर खिशात चाकू ठेवायचा, त्याच्या लाइनी नकाशावर पट्टे-पट्टे दिसायच्या, कुणी चाललं होतं ते रजिस्टर न बघता कळायचं.

दगडोबा

विमानातून चुंबकत्व मोजणं सोपं, तिथे नुसतं ऐकायचं असतं. इलेक्ट्रोमॅग्नेटिकमध्ये आधी बोलायचंही असतं. विमानाच्या कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडायचं, जमिनीतल्या वाहक साठ्यात त्यामुळे करंट फिरतात, त्या करंटचं स्वतःचं इवलंसं क्षेत्र पकडायचं. मूळ सिग्नलपुढे ते उत्तर दशलक्षांश भागांत मोजायची वेळ येते. शिवाय विमानाचं धातूचं अंगच सगळ्यात मोठा कंडक्टर, म्हणून १९४० च्या दशकाच्या शेवटी कॅनडात सुरुवात झाली ती लाकडी बांधणीच्या अ‍ॅन्सन विमानाने. पुढे बॅरिंजर नावाच्या भूभौतिकशास्त्रज्ञाने युक्ती केली, पल्स सोडायची, बंद करायची आणि शांतता झाल्यावर ऐकायचं. चांगल्या वाहकातले करंट उशिरापर्यंत टिकतात, ओल्या मातीतले पटकन विरतात. आजच्या हेलिकॉप्टरखाली लोंबणाऱ्या मोठमोठ्या रिंगा याच घराण्यातल्या.

यातला माझा आवडता किस्सा किड क्रीकचा. १९५९ मध्ये टेक्सास गल्फ सल्फरच्या हवाई सर्व्हेत ओंटारियोतल्या टिमिन्सजवळ एक अ‍ॅनॉमली आली. जमिनीचे हक्क मिळवून बोअर मारायला नोव्हेंबर १९६३ उजाडला. पहिल्याच बोअरच्या कोअरमध्ये (आतून काढलेल्या दगडाच्या कांडीत) सुमारे ६०० फूट तांबं-जस्त-चांदी! कंपनीने काय केलं? बोअरची जागा झाकली, रिग हलवली, मुद्दाम अ‍ॅनॉमलीच्या बाहेर एक कोरडा बोअर मारला आणि शेजारच्या जमिनी गुपचूप घेत सुटले. दरम्यान आतल्या लोकांनी शेअर घेतले. एप्रिल १९६४ मध्ये आधी "अफवांवर विश्वास ठेवू नका" छाप प्रेस रिलीज आणि चारच दिवसांत साठा जाहीर. त्यावरचा खटला, १९६८ चा अपील कोर्टाचा निकाल, अमेरिकेत इनसायडर ट्रेडिंगच्या कायद्यात आजही शिकवतात. जिओफिजिक्सने वकिलांचीही पोटं भरली.

शंकासुर

हे भारी होतं! पण एक सांगा, एवढी यंत्रं, एवढी गणितं, आता तर कॉम्प्युटर थ्रीडी मॉडेल काढून देतो, एआय आलंय. आता तरी बोअर चुकायला नकोत ना?

दगडोबा

इथेच खरी मेख आहे. कॅल्क्युलेटर यांचा गोल घ्या. त्याचा मध्य तिथेच ठेवून तो मोठा पण कमी जड केला किंवा वर आणून चपटा पसरवला तरी वर जवळपास तेच रीडिंग येतं. एकाच डेटाला बसणारी मॉडेलं अगणित असतात. १९९६ मध्ये ली आणि ओल्डनबर्ग यांनी मॅग्नेटिकचं थ्रीडी इन्व्हर्जन (वरच्या मोजणीवरून खालचं मॉडेल काढायचं गणित) मांडलं त्यात त्यांना मुद्दाम खोलीनुसार वजन द्यावं लागलं, नाहीतर गणित सगळा चुंबकीय माल पृष्ठभागालगत आणून टाकतं. म्हणजे सुंदर रंगीत मॉडेलमध्ये माणसाने आधीच काय गृहीत धरलंय तेही रंगवलेलं असतं. एआयला शिकवायचं तर शिकवायला सापडलेले साठे किती? मोजकेच, आणि तेही एकासारखा दुसरा नाही. मी एआयविरोधी नाही, नॉइज काढायला, जुने नकाशे जुळवायला झकास आहे. पण जे कुणीच पाहिलं नाही ते त्याला कुठून माहीत असणार?

ऑलिंपिक डॅम बघा. दक्षिण ऑस्ट्रेलिया, १९७५. वेस्टर्न मायनिंगने ग्रॅव्हिटी आणि मॅग्नेटिक दोन्हीचे फुगवटे एका जागी दिसले म्हणून बोअर मारला. त्यांच्या डोक्यातली थिअरी अशी की खोल बसाल्टमधून तांबं सुटून वरच्या गाळाच्या थरात बसलं असेल. सुमारे ३५० मीटर निरुपयोगी थर ओलांडल्यावर तांबं लागलं, पण वेगळ्याच प्रकारच्या दगडात, हेमॅटाइट या जड लोहखनिजाने भरलेल्या ब्रेशियात (तुटक्या तुकड्यांच्या दगडात). ग्रॅव्हिटी त्या हेमॅटाइटची होती. मॅग्नेटिकचं कारण आणखी खाली, खनिजाशी थेट संबंध नसलेलं. थिअरी चुकली, एक अ‍ॅनॉमली चुकीच्या कारणाने तिथे होती, आणि सापडला जगातला एक प्रचंड तांबं-युरेनियम-सोन्याचा साठा. मग लोकांनी ऑलिंपिक डॅमसारखंच दुसरं शोधायला सगळीकडे ग्रॅव्हिटी-मॅग्नेटिकचे जोडफुगवटे शोधले, बहुतेक ठिकाणी नुसतं लोखंड.

जुना_खाणकरी

हे मात्र काळजाला भिडलं. नुसतं लोखंड!

कॅल्क्युलेटर

खोलीचा प्रश्न निघालाच आहे तर मॅग्नेटोटेल्युरिकचं नाव घ्यायला हवं. त्यात आपण काही सोडतच नाही, दूरवरच्या विजांनी आणि सूर्यवाऱ्याने जमिनीत जे करंट उठतात तेच ऐकायचे. तिखोनोव १९५० आणि कान्यार १९५३, दोघांनी वेगवेगळं मांडलं. खोलीचा ढोबळ हिशेब असा: रोधकतेला फ्रिक्वेन्सीने भागा, वर्गमूळ काढा, ५०३ ने गुणा. १०० ओहम-मीटरच्या दगडात १०० हर्ट्झला ५०० मीटर, १ हर्ट्झला ५ किलोमीटर. पण खोल जाल तसं चित्र पुसट होतं, तिथे बारीक शीर दिसेल अशी आशा करू नये.

शंकासुर

मग समजा बोअर कोरडा गेला, तर तो खर्च पाण्यात?

वायरमन

नाही! उलट आता त्या भोकाचा उपयोग सुरू होतो. जमिनीवर मोठी वायरची लूप पसरायची, त्यातून पल्स सोडायची आणि सेन्सर केबलला बांधून भोकात उतरवायचा. साठा भोकापासून पन्नास-शंभर मीटर बाजूला राहिला असेल तर त्याची सही मिळते, आणि तीन दिशांचे घटक मोजले तर कुठल्या अंगाला आहे तेही कळतं. कॅनडातल्या सडबरीला खोलवरचे निकेलचे साठे असेच चुकलेल्या बोअरमधून ऐकून पकडलेत. वर जमिनीवरून दीड किलोमीटर खाली काही ऐकू येणं कठीण, सेन्सरच खाली नेला की अंतर कमी. फक्त बोअर संपल्या संपल्या ड्रिलरला सांगून ठेवायचं की आत प्लास्टिकचा पाइप घाल, लोखंडी केसिंग सोडलंस तर आमचं यंत्र तेवढ्या भागात बहिरं, आणि पाइप न घालता रिग काढलीस तर आठवड्याभरात भोक ढासळतं. हे दर वेळी सांगावं लागतं, आणि दर वेळी ड्रिलर म्हणतो की साहेबांनी पाइपचे पैसे मंजूर केले नाहीत.